बालस्थूलता उपचारकेंद्र : पालक म्हणून चौदा महिन्यांचा अनुभव

आमची मुलगी नऊ वर्षांची असताना आम्ही तिला मुलांच्या स्थूलतेवर उपचार करणाऱ्या एका केंद्रात नेले आणि पुढचे चौदा महिने तिच्याबरोबर आम्ही दोघेही तिथे जात राहिलो. केंद्राचे नाव मी येथे देत नाही. नाव दिले तर ओळखीच्या वाचकांना मुलगी कोण हे लगेच कळेल, आणि तिच्या शरीराविषयी तिला न विचारता बोलण्याचे प्रसंग आजवर पुरेसे झाले आहेत. तरीही अशा सेवेच्या शोधात असलेल्या आईवडिलांना तिथे नेमके काय मिळते, काय मिळत नाही आणि पहिल्याच भेटीत कशाची पारख करावी, हे आधी कळले तर त्यांचा बराच काळ वाचेल असे मला मनापासून वाटते, म्हणून हा सविस्तर अभिप्राय लिहीत आहे.

तिथे पोचण्यापूर्वी दीड वर्ष आम्ही दुसऱ्या एका दवाखान्यात जात होतो. तिथली भेट पाच-सहा मिनिटांत आटोपत असे. मुलगी काट्यावर उभी राही, आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला जाई आणि ‘खाणे कमी करा, खेळायला पाठवा’ एवढे सांगून एक छापील आहारतक्ता आमच्या हाती दिला जाई. तो तक्ता तिच्या एकटीसाठी होता. घरातल्या बाकीच्यांनी नेहमीसारखे जेवायचे आणि तिच्या ताटात मात्र मोजून वाढायचे, अशी ती व्यवस्था होती. तिने लपून खायला सुरुवात केली ती याच काळात. एकदा दप्तराच्या तळाशी खाऊची रिकामी वेष्टने सापडली तेव्हा मी तिला फार रागावलो, आणि ते रागावणे मला आजही सलते. त्या दवाखान्यातली आणखी एक गोष्ट मला त्या वेळी खटकायला हवी होती, पण खटकली नाही. मी शेजारच्याच खुर्चीत बसलेलो असताना सगळे प्रश्न आणि सगळा दोष माझ्या पत्नीच्या वाट्याला येत असे. दीड वर्षातल्या नऊ भेटींची वेळ एकत्र केली तर एक तासही भरत नाही, हा हिशेब मी नंतर केला.

नव्या केंद्रातली पहिली भेट दीड तास चालली. आम्ही तिघांनीही यावे, अशी त्यांची अटच होती. पहिला पाऊण तास वजनाचा विषयही निघाला नाही. तिला काय आवडते, शाळेत काय अवघड जाते, कोणती गोष्ट सोपी झाली तर बरे वाटेल, असे प्रश्न डॉक्टरांनी थेट तिलाच विचारले आणि ती बोलेपर्यंत आम्हाला मध्ये बोलू दिले नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “जिना चढताना मी सगळ्यांच्या मागे राहते, ते नको.” डॉक्टरांनी ते वाक्य जसेच्या तसे तिच्या कागदावर उपचाराचे पहिले उद्दिष्ट म्हणून लिहिले. त्यानंतर वजन घेतले गेले ते बंद खोलीत, एका परिचारिकेसमोर, आणि आकडा बघायचा की नाही हे मुलीवर सोपवून. पहिले तीन महिने तिने तो बघितला नाही. चौथ्या महिन्यात स्वतःहून विचारला.

भाषेविषयी केंद्र जी काळजी घेते, ती मला सुरुवातीला थोडी अतिरेकी वाटली होती. ‘लठ्ठ मूल’ असे तिथे कोणी म्हणत नाही. ‘स्थूलता असलेले मूल’ असे म्हणतात, जसे आपण दमा असलेले मूल म्हणतो. पथ्य मोडले, चोरून खाल्ले, हावरटपणा केला, असले शब्द आमच्या तोंडी आले की आहारतज्ज्ञ शांतपणे तेच वाक्य दोषारोपाविना पुन्हा म्हणून दाखवत. हळूहळू आमच्या घरातली भाषा बदलली आणि तिचे लपवणे कमी होत गेले. या दोन गोष्टींचा संबंध आहे, याविषयी माझ्या मनात आता शंका नाही. आपल्यासारखे कोणीच नाही, असे ती एकदा रडवेली होऊन म्हणाली, तेव्हा डॉक्टरांनी तिला सांगितले की जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात ५ ते १९ वर्षे वयाची १६ कोटी मुले स्थूलतेसह जगत होती. नऊ वर्षांच्या मुलीला कोटी म्हणजे किती हे नीट उमगले नसेल, पण घरी परतताना तिने तो आकडा आजीला दोनदा सांगितला. आम्हा मोठ्यांना त्याच आकडेवारीतला दुसरा भाग अधिक बोलका वाटला. याच वयोगटात जादा वजन असलेल्या मुलांचे प्रमाण १९९० साली ८ टक्के होते, ते २०२२ मध्ये २० टक्क्यांवर गेले. एका पिढीत साऱ्या जगातले आईवडील अचानक निष्काळजी झाले, असे तर होऊ शकत नाही.

निदानाच्या बाबतीत केंद्र अतिशय काटेकोर आहे. मोठ्यांच्या बीएमआयला (किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २५ आणि ३० या ठरावीक मर्यादा असतात, मुलांना त्या लागू पडत नाहीत. मुलांचा बीएमआय त्यांचे वय आणि लिंग पाहून वाढीच्या तक्त्यावर मांडावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या तक्त्यात ५ ते १९ वर्षांसाठी मध्यापासून एक प्रमाण विचलन (मुलांचे आकडे मध्याभोवती किती पसरलेले असतात त्याचे माप) वर गेले तर जादा वजन आणि दोन विचलने वर गेले तर स्थूलता मानतात. पाच वर्षांखालील मुलांसाठी याच रेषा दोन आणि तीन विचलनांवर असतात. डॉक्टरांनी तिच्या लसीकरणाच्या पुस्तिकेतल्या आणि शाळेच्या तपासणीतल्या सर्व जुन्या नोंदी मागवून त्या एकाच आलेखावर मांडल्या. पहिल्या वर्षात वाढणारा बीएमआय नंतर उतरत जातो, साधारण पाच-सहा वर्षांच्या सुमारास तळ गाठतो आणि तिथून पुन्हा चढू लागतो. हे वळण जितके लवकर येते, तितकी पुढे स्थूलतेची शक्यता वाढते. आमच्या मुलीचे वळण चौथ्या वर्षाच्या आतच आलेले होते. ज्या वयात आम्ही तिच्या गुबगुबीत गालांचे कौतुक करत होतो, त्याच वयात ही रेषा वर वळली होती आणि ती कोणीही आम्हाला दाखवली नव्हती. तो आलेख पाहताना पत्नीच्या डोळ्यांत पाणी आले. डॉक्टर तेव्हा दोन-तीन मिनिटे काहीच बोलले नाहीत, हेही मला लक्षात ठेवण्यासारखे वाटते.

अनेक पालकांप्रमाणे आम्हीही पहिली मागणी थायरॉइडच्या तपासणीची केली. तिची उंची वयाच्या मानाने जास्त आहे, हे दाखवून त्यांनी समजावले की थायरॉइडची कमतरता किंवा कुशिंग (शरीरात कॉर्टिसोल हे हार्मोन जास्त होणे) यांसारख्या विकारांत मुलाची उंची खुंटते. वजन वाढत असताना उंचीही जोमाने वाढत असेल, तर अशा विकाराची शक्यता फार कमी असते. त्यामुळे हार्मोनच्या तपासण्यांची लांबलचक यादी आमच्या हाती आली नाही. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि यकृताची विकरे (एन्झाइम) एवढ्याच गोष्टी पाहिल्या गेल्या, त्यांपैकी यकृताचे एक विकर थोडे वाढलेले निघाले. मानेवरचा जो काळसर पट्टा आम्ही मळ समजून महिनोन्‌महिने घासत होतो, तो शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची खूण असतो, हे आम्हाला तिथेच कळले. ती रात्री घोरते का, तिचा गुडघा किंवा मांडीचा सांधा दुखतो का, हेही विचारले. हे शेवटचे दोन प्रश्न प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावेत. घोरण्यामागे झोपेत श्वास अडखळण्याचा विकार असू शकतो. आणि वजन जास्त असलेल्या, वयात येणाऱ्या मुलांमध्ये मांडीच्या हाडाचे डोके वाढीच्या पट्टीवरून सरकण्याचा धोका असतो, त्याचे दुखणे पुष्कळदा गुडघ्यातच जाणवते आणि त्यात उशीर चालत नाही.

भूक हा स्वभावाचा दोष नाही, हे पटवून देण्यासाठी डॉक्टरांनी लेप्टिनचा इतिहास सांगितला. चरबीच्या पेशींतून मेंदूला तृप्तीचा निरोप देणारे हे हार्मोन १९९४ साली सापडले. ते शरीरात जन्मतःच तयार होत नसलेल्या मुलांचे वर्णन १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढे ते इंजेक्शनाने दिल्यावर त्या मुलांची न शमणारी भूक आटोक्यात आली. असे विकार अत्यंत दुर्मीळ आहेत आणि आमच्या मुलीला तो नाही. पण ते ऐकल्यानंतर तिला ‘मनावर ताबा ठेव’ असे सांगणे मी बंद केले.

या केंद्राची उपचारपद्धत सगळ्या कुटुंबाला बरोबर घेणारी आहे आणि माझ्या मते तेच तिचे खरे बळ आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिओनार्ड एप्स्टाइन यांनी या पद्धतीवर अनेक दशके काम केले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दहा वर्षांच्या पाठपुराव्यात, मूल आणि पालक या दोघांनाही सवयी बदलण्याचे उद्दिष्ट दिलेल्या गटातल्या मुलांची स्थिती तुलनेसाठीच्या गटापेक्षा स्पष्टपणे चांगली राहिली होती. पदार्थांची हिरवा, पिवळा आणि लाल अशी वाहतुकीच्या दिव्यांप्रमाणे विभागणीही त्यांच्याच पद्धतीतली. मला आणि पत्नीलाही स्वतंत्र उद्दिष्टे मिळाली आणि दर भेटीत आमची विचारणा मुलीच्या आधी होत असे. वडिलांना आपल्यासारखेच प्रश्न विचारले जात आहेत, हे पाहताना मुलीचा चेहरा कसा सैल होत गेला, ते मी शब्दांत नीट सांगू शकत नाही.

घरात जे बदल झाले ते सर्वांसाठी झाले. गोड पेये घरात येणे थांबले. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे दिवसभराच्या ऊर्जेपैकी १० टक्क्यांहून कमी, आणि शक्यतो ५ टक्क्यांहूनही कमी, ऊर्जा वरून घातलेल्या किंवा रसांतल्या मोकळ्या साखरेतून यावी. ही मर्यादा एका पेल्यातच कशी ओलांडली जाते, हे आहारतज्ज्ञांनी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायला लावून आमच्याकडूनच काढून घेतले. जेवताना टीव्ही-मोबाइलचे सगळे पडदे बंद झाले. काय आणि केव्हा वाढायचे हे आम्ही ठरवायचे, किती खायचे हे तिने ठरवायचे, हा नियम मात्र आम्हाला सर्वांत जड गेला. पहिले काही दिवस ती भरपूर खात राहिली आणि आम्ही दोघे हात आवरून बसलो. आता कोणी ताट ओढून घेणार नाही, याची खात्री पटायला तिला सुमारे पाच आठवडे लागले. त्यानंतर तिने एके दिवशी ताटात अन्न उरलेले असताना “पोट भरलं” म्हटले, तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

आजीला केंद्राने एका सत्रासाठी मुद्दाम बोलावले. नातीला आग्रहाने वाढणे हीच माया, अशी तिची धारणा होती आणि तिला नाही म्हणणे आम्हाला जमत नव्हते. आहारतज्ज्ञांनी तिला काहीही मना केले नाही. नातीसोबत आणखी काय काय करायला आवडेल, एवढेच विचारले, आणि तिने सांगितलेल्या गोष्टींतूनच रोज संध्याकाळी दोघींनी चालायला जायचे ठरले. एका सत्रात आजीचा मान राखून हे साधले गेले, याचे मला फार अप्रूप वाटते.

झोपेविषयी थोडक्यात सांगतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रात्री ९ ते १२ तास झोप लागते. आमच्या मुलीला आठही मिळत नव्हते, आणि दिवे लवकर मालवणे हा साऱ्या बदलांतला सर्वांत सोपा बदल ठरला. रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल व्हावी ही शिफारसही सर्वज्ञात आहे. केंद्राने एवढेच केले की कोणती हालचाल, हे तिला निवडू दिले. तिने नाच निवडला.

आता उणिवा. सत्रे कामाच्या दिवशी, शाळेच्या वेळेत असतात. आमच्यासोबत सुरुवात केलेल्या सात कुटुंबांपैकी तीन कुटुंबे चार महिन्यांत गळाली, आणि त्यांतल्या दोघांनी मला कारण सांगितले ते रजा मिळत नसल्याचे. उपचाराला चिकाटी लागते असे सांगणाऱ्या केंद्राने, नोकरदार माणसाची चिकाटी कुठे तुटते, हे पाहायला हवे. दुसरी तक्रार मोबाइलवरच्या ॲपची. रोजचे खाणे त्यात नोंदवायचे आणि नोंद राहिली किंवा लाल गटातला पदार्थ खाल्ला की पडद्यावर लाल शिक्का उमटायचा. भाषेची एवढी काळजी घेणाऱ्या ठिकाणी हे असावे, हे मला अजून उमगलेले नाही. मुलगी पंधरा दिवसांत खोट्या नोंदी करू लागली. आम्ही सांगितल्यावर कागदी वहीची मुभा मिळाली, पण तेवढ्यासाठी दोन महिने पाठपुरावा करावा लागला. गटसत्रांत नऊ वर्षांची आणि चौदा वर्षांची मुले एकत्र बसतात, हेही योग्य नाही; मोठ्या मुलींच्या उपाशी राहण्याच्या गोष्टी ऐकून आमच्या मुलीने एकदा सकाळचे खाणे सोडले. देखरेखीखालच्या अशा उपचाराने खाण्याचे मानसिक विकार वाढत नाहीत, धोका असतो तो मनाने केलेल्या उपासमारीचा, हे केंद्रच आम्हाला सांगत असताना सत्रात हा विषय कोणी अडवला नाही. मानसशास्त्रज्ञ एकच असल्याने त्यांच्या भेटीसाठी सहा आठवडे थांबावे लागले. शाळेतल्या चिडवण्यावर केंद्राने शाळेला पत्र दिले. त्यापलीकडे त्यांनी काही केले नाही.

सर्वांत गंभीर उणीव बारा महिन्यांनंतरची आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना असलेल्या अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सने जानेवारी २०२३ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत ३ ते १२ महिन्यांत किमान २६ तासांच्या प्रत्यक्ष संपर्काची शिफारस आहे. या केंद्रात वर्षभरात आम्हाला साधारण तीस तास मिळाले आणि ते सत्कारणी लागले. पण स्थूलता हा दीर्घकाळ सोबत राहणारा आजार आहे, असे पहिल्याच दिवशी सांगणाऱ्या केंद्रातली भेट वर्ष संपताच तीन महिन्यांतून एकदा होते. नेमके त्याच सुमारास मुलीची शाळा बदलली, नाच सुटला आणि दोन महिन्यांत तिचे वजन दीड किलोने वाढले. आम्ही घाबरून फोन केला तेव्हा पाच आठवड्यांनंतरची वेळ मिळाली. त्या पाच आठवड्यांत आमच्या घरातली जुनी भाषा एक-दोनदा परत आली, हे मी प्रांजळपणे मान्य करतो.

औषधांविषयी पालक हमखास विचारतात, म्हणून तेही लिहितो. अमेरिकेत बारा वर्षांवरील मुलांसाठी सेमाग्लुटाइड या भूक कमी करणाऱ्या इंजेक्शनाला डिसेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली. त्याआधीच्या २०१ किशोरवयीन मुलांच्या चाचणीत ६८ आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांचा बीएमआय सरासरी १६.१ टक्क्यांनी घटला, तर औषधाविना केवळ सवयींवर काम केलेल्या गटाचा ०.६ टक्क्याने वाढला. मळमळ आणि उलटी हे त्याचे नेहमीचे त्रास आहेत. आमची मुलगी लहान असल्याने प्रश्न उद्भवला नाही, पण गटातल्या एका मोठ्या मुलाच्या आईने विचारले तेव्हा डॉक्टरांनी दिलेले उत्तर मला आवडले. औषध घेणे म्हणजे पालकांचा पराभव नव्हे आणि सवयींच्या कामाला ते पर्यायही नाही, असे सांगून त्यांनी त्या मुलाच्या यकृताचे आणि साखरेचे अहवाल समोर ठेवून तासभर चर्चा केली.

परिणाम सांगायचा तर आकडे असे आहेत : सुरुवातीला उंची १३८ सेंटिमीटर आणि वजन ४८ किलो, चौदा महिन्यांनी उंची १४६ सेंटिमीटर आणि वजन ४९ किलो. म्हणजे बीएमआय २५.२ वरून २३ वर आला. वाढत्या वयाच्या मुलाचे वजन घटलेच पाहिजे असे नाही, ते थोपवले तरी उंची पुढचे काम करते, हे आम्हाला सुरुवातीलाच सांगितले होते आणि तसेच झाले. तक्त्यावर ती अजून स्थूलतेच्या रेषेच्या आसपासच आहे. यकृताचे विकर पूर्ववत झाले, मानेवरचा पट्टा फिकट झाला आणि दप्तरात वेष्टने सापडणे सातव्या महिन्यानंतर थांबले. जिन्यावर ती आता मैत्रिणींच्या बरोबरीने चढते.

दोन्ही पालकांना, किंवा घरातल्या निदान एका जबाबदार मोठ्या माणसाला, वर्षभर नियमित वेळ काढणे शक्य असेल तर मी हे केंद्र निःसंकोच सुचवतो. झटपट वजन उतरवून हवे असेल किंवा फक्त मुलाला पाठवून आपण मोकळे राहायचे असेल, त्यांची इथे निराशा होईल. दुसऱ्या कोणत्याही केंद्रात जाणार असाल तर वजन कुठे आणि कोणासमोर घेतात, वर्षभरात एकूण किती तास देतात, घरातल्या मोठ्यांना काय करायला सांगतात आणि वर्ष संपल्यावर अडचण आली तर किती दिवसांत भेट मिळते, हे प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावेत. शेवटचा प्रश्न आम्ही विचारला नव्हता. वर्षानंतरही दर महिन्याला निदान फोनवरून अर्धा तास मिळावा, अशी लेखी विनंती आम्ही चार पालकांनी मिळून केंद्राला केली आहे. ती विचाराधीन असल्याचे उत्तर आले आहे. आमची पुढची भेट सहा आठवड्यांनी आहे आणि तोवर मुलीने नवा नाचाचा वर्ग शोधायचे मनावर घेतले आहे.